रसदखात्याची झुरळं

लॅथ्रॉप हे कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यातलं गाव मुद्दाम पाहायला कुणी जात नाही. रेल्वेचे फाटे, ट्रकांची गोदामं आणि कडेला लष्कराचा एक जुना डेपो. १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, पॅसिफिककडे जाणारा माल उतरवून ठेवायला आणि पुढे रवाना करायला तो बांधला. नंतर त्याला जनरल हेन्री शार्प यांचं नाव मिळालं. हे शार्पसाहेब पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याचे क्वार्टरमास्टर जनरल होते. क्वार्टरमास्टर म्हणजे रसदखातं. दाणागोटा, कपडेलत्ते, तंबू, सगळं त्यांच्याकडे.

१९७८ साली या शार्प डेपोत एक झुरळ सापडलं. अमेरिकेत त्याआधी त्याची नोंद नव्हती. मध्य आशिया, अफगाणिस्तान, इराणपासून पार इजिप्तपर्यंतच्या कोरड्या मुलखातलं हे जनावर. शास्त्रीय नाव शेल्फोर्डेला लॅटरॅलिस, बोलण्यात तुर्कस्तानी झुरळ. पाठोपाठ ते टेक्ससमधल्या फोर्ट ब्लिस या लष्करी तळावरही दिसलं. तिकडच्या मुलखातून परत आलेल्या लष्करी सामानाबरोबर ते आलं असावं, असा कीटकशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे रसदखात्याच्याच पाठीवर बसून.

आज हेच झुरळ 'रेड रनर' या नावाने कुरिअरने घरपोच मिळतं. लोक पैसे मोजून शे-दोनशेंच्या हिशोबाने मागवतात आणि घरातल्या सरड्यांना खाऊ घालतात.

माझी मुलगी शेजारच्या ट्रेसी गावात राहते. तिच्या मुलाने बिअर्डेड ड्रॅगन पाळला आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला, स्वभावाने अगदी गरीब सरडा. नातवाने त्याचं नाव बाजी ठेवलंय. थोरल्या बाजीरावांच्या नावाचा असा वापर मला पटलेला नाही, पण माझं ऐकतो कोण? मुद्दा बाजीच्या खाण्याचा. गॅरेजमध्ये एक मोठा प्लास्टिकचा डबा आहे आणि त्यात झुरळं. "आजी, ही ती वाली नाहीत," नातवाने मला पहिल्याच दिवशी बजावलं. ती वाली म्हणजे स्वयंपाकघरातली. माझा सगळा जन्म ती वाली हाताळण्यात गेला, म्हणून मला या दुसऱ्या वाल्यांचं कूळ शोधावंसं वाटलं. शोधत गेले तशी गंमत वाटत गेली. सरडेवाल्यांनी झुरळ निवडताना एकच गोष्ट पाहिली आहे: ते झुरळ झुरळासारखं वागता कामा नये. चढू नये, उडू नये, पळू नये, घरात पसरू नये. आणि असली झुरळं असतात हे जगाला ठाऊक झालं ते सरड्यांमुळे नव्हे, तर प्रयोगशाळांमुळे. त्यातली एक प्रयोगशाळा पुन्हा रसदखात्याचीच.

आधी माझा अधिकार सांगते. मी साताऱ्याकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. आमच्याकडे झुरळ म्हणजे पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. नाव अमेरिकेचं, मूळ आफ्रिकेचं आणि मुक्काम एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलाच्या मोरीत. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री आमचे शिपाई मामा तिथे जात. रुंद तोंडाची बरणी, तळाशी पावाचा तुकडा आणि गळ्याला आतून खोबरेल तेलाचा हात. झुरळ वासाने आत पडायचं आणि तेलावरून पाय घसरल्यामुळे बाहेर यायचं नाही. सकाळी बरणी भरलेली. क्लोरोफॉर्म, मेणाचा ट्रे, टाचण्या, आणि पोरं चिमट्याने पोट उघडून बसायची. पोट उघडलं की आधी दिसते ती पांढरी, लोंबती चरबी. अन्ननलिका आणि मज्जारज्जू दिसावा म्हणून ती चिमट्याने ओढून ट्रेच्या कडेला टाकायची, हे मी शेकडो मुलांना शिकवलं. त्या चरबीकडे मी पुन्हा येणार आहे. यूजीसीने २०११ मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं, २०१४ मध्ये बंदच करायला लावलं, आणि मामांची बरणी कपाटात गेली.

सरड्यांच्या खाद्याचा धंदा मात्र झुरळांपासून सुरू झाला नाही. तो सुरू झाला रातकिड्यांपासून, आणि तोही मासेमारीसाठी. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया, लुइझियाना, टेनेसी या भागात गळाला जिवंत रातकिडा लावून मासे धरतात. गेल्या शतकाच्या मध्याला तिथे रातकिडे पैदा करणाऱ्या शेडी उभ्या राहिल्या. जात एकच, अकेटा डोमेस्टिकस, घरचा तपकिरी रातकिडा. ऊब दिली की दीड-दोन महिन्यांत अंड्यापासून प्रौढ होतो. पुढे सरडे-पाली पाळायची हौस वाढली तसं या शेडींना दुसरं गिऱ्हाईक मिळालं. बिअर्डेड ड्रॅगनने तर चांदी केली. ऑस्ट्रेलियाने १९६० च्या दशकापासून आपल्या रानटी प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला बंदी घातली आहे. तरीही हे सरडे चोरीछुपे युरोपात गेले, तिथल्या, विशेषतः जर्मनीतल्या, हौशी लोकांनी त्यांची वीण घेतली आणि १९९० च्या दशकात ते अमेरिकेतल्या घराघरांत आले. आज दुकानात दिसणारा प्रत्येक बाजी पिंजऱ्यात जन्मलेल्या घराण्यातला. पिलू असताना तो दिवसाला डझनांनी किडे खातो. आमच्या कोकणातल्या जावयांना हे खाणं ओळखीचं वाटेल.

रातकिड्याचे दोष पाळणारे पहिल्यापासून जाणून होते. नर रात्रभर किर्र करतात. डब्याला घाण वास येतो. सुटले की फ्रिजमागे जाऊन बसतात आणि सापडत नाहीत. सरडा झोपला असेल तर भुकेले रातकिडे त्यालाच कुरतडतात. तरी पन्नासेक वर्षं लोकांनी ते चालवून घेतलं, कारण स्वस्त आणि मुबलक. मग रोग आला.

हा रोग म्हणजे एक डेन्सोव्हायरस. त्याची नोंद १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पाळीव रातकिड्यांत झाली होती आणि युरोपातल्या शेडी त्याने अधूनमधून साफ केल्या होत्या. अमेरिकेत तो २००९-१० च्या सुमाराला उसळला. ऐन वयात येणारे रातकिडे, शेवटची कात टाकायच्या बेतातले किंवा नुकती टाकलेले, उताणे पडून पाय हलवत राहायचे आणि मरायचे. एका शेडीत लाखोंनी किडे, सगळे एकाच जातीचे, दाटीवाटीने. विषाणूला आणखी काय हवं? जमिनीवर, भिंतींवर, खोक्यांवर तो टिकून राहतो, त्यामुळे मेलेले फेकून नवे आणले तरी तेही मरायचे. कित्येक जुन्या शेडींचं दिवाळं निघालं. काहींनी घाईघाईने दुसऱ्या, विषाणूला दाद न देणाऱ्या जाती धरल्या. त्यातली एक तर शास्त्राला ठाऊकच नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचे डेव्हिड वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिला ग्रिलस लोकोरोहो असं नाव दिलं. ती दुकानांत राजरोस विकली जात होती, पण मूळची कुठल्या रानातली हे तेव्हा सांगता येत नव्हतं. वर्गीकरणाच्या शास्त्राने दुकानाच्या मागे धावावं, हा प्रकार मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

या दुष्काळात झुरळवाल्यांचे दिवस आले. झुरळं खाऊ घालणारे हौशी त्याआधीही होते, पण लोक त्यांच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत. रातकिडे मिळेनासे झाले तशी ती नजर बदलली.

आता प्रयोगशाळांकडे येते. या गोष्टीतली माझी आवडती व्यक्ती आहे बेर्टा शारर. जर्मनीतली जीवशास्त्रज्ञ, हिटलरच्या राजवटीला विटून १९३७ मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली. नवऱ्याला नोकरी मिळाली, हिला नाही. नवरा-बायको दोघांना एकाच संस्थेत पगार द्यायचा नाही, हा तेव्हाचा रिवाज. बसायला एक कोपरा मिळाला, तेवढाच. पैसे नाहीत, मग प्रयोगाला फुकटचा प्राणी हवा. शिकागोत तिने इमारतीच्या तळघरातली झुरळं वापरली, आणि ती पकडून द्यायला तिथला झाडूवाला होता. म्हणजे तिलाही एक मामा मिळाले होते. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दक्षिण अमेरिकेतून प्रयोगासाठी माकडं आली, आणि त्यांच्या पिंजऱ्यांतून चोरून प्रवास करत एक दुसरंच झुरळ आलं: ल्युकोफिया मडेरी. मोठं, संथ, हाताळायला सोपं. बारीक शस्त्रक्रिया करायची तर पळपुटा प्राणी काय कामाचा? बेर्टाने तीच वसाहत धरली. नवऱ्याच्या बदल्या होतील तशी ती झुरळांसह क्लीव्हलँडला गेली, मग डेनव्हरला, आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कला परत, तेव्हा कुठे तिला स्वतःची पगारी प्रोफेसरकी मिळाली. मेंदूतल्या चेतापेशी संप्रेरकंही स्रवतात, ही आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट उभी राहिली त्यात या संथ झुरळांचा मोठा वाटा आहे. मी ती ओळ वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. बेर्टाचं नाव सांगितलं, तिच्या बिनपगारी वर्षांबद्दल मात्र आमच्या पुस्तकात अक्षर नव्हतं.

दुसरे लुईस रॉथ. मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथे रसदखात्याची संशोधन प्रयोगशाळा होती, तिथले कीटकशास्त्रज्ञ. मादी डासाच्या पंखांच्या गुणगुणीवर नर येतो, हे १९४८ साली दाखवणारे तेच. सैन्याला झुरळांची चिंता कशासाठी, तर कोठारातल्या शिध्यासाठी. रॉथ आणि त्यांचे सहकारी एडविन विलिस यांनी मारायच्या उपायांवर न थांबता जगभरातल्या जाती आणून पाळल्या, आणि झुरळं वितात कशी यावर १९५४ मध्ये एक दणदणीत ग्रंथ लिहिला. १९५७ आणि १९६० मध्ये आणखी दोन. आमच्या मोरीतलं झुरळ अंड्यांची कुपी बाहेर टाकून निघून जातं. काही जाती मात्र ती कुपी बाहेर काढतात, आडवी फिरवतात आणि पुन्हा पोटात ओढून घेतात. पिलं आतच वाढतात आणि जिवंत बाहेर येतात. एका जातीची, डिप्लॉप्टेरा पंक्टाटाची, मादी तर पोटातल्या पिलांना दुधासारखा द्राव पाजते. त्याच द्रावाच्या प्रथिन-स्फटिकांची रचना २०१६ मध्ये बंगळूरच्या एका संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह काही जणांनी उलगडली आणि 'म्हशीच्या दुधापेक्षा झुरळाचं दूध सकस' असा मजकूर आपल्याकडे घराघरांत पोचला. मला तो निदान डझनभर नातेवाइकांनी पाठवला. झुरळ पिळायचं कसं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

रॉथ-विलिस यांनी मांडलेला हा भेद सरडेवाल्यांच्या कामाचा ठरला. अंड्याची कुपी बाहेर टाकणारी जात फडताळात, भिंतीच्या फटीत आपला वंश ठेवून जाते. पोटात वाढवणारी जात सुटली तरी एकटी सुटते. हा फरक लष्कराच्या पैशाने कळला.

आता निवड. मादागास्करचं फुसफुसणारं झुरळ दिसायला देखणं, पण कवच टणक, वाढ मंद, आणि काचेवर सरसर चढतं. नॉफीटा सिनेरिया, म्हणजे लॉबस्टर झुरळ, लवकर वितं आणि मऊ असतं. तेही चढतं, म्हणून डब्याच्या काठाला आतून व्हॅसलिनचा पट्टा लावतात. मामांचं खोबरेल तेल मला तिथे आठवलं. ब्लॅबेरस डिस्कॉइडॅलिस शांत आणि न चढणारं. फ्लोरिडात डुबियाला परवानगी नाही, तिथले लोक याच्यावर भागवतात. आणि डुबिया, म्हणजे ब्लॅप्टिका डुबिया, अर्जेंटिना-उरुग्वेकडचं, १८३८ पासून शास्त्राला ठाऊक असलेलं. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याचा पाय ठरत नाही. नराला पूर्ण पंख आहेत, पण तो उडत नाही, फार तर पडताना फडफडतो. मादीच्या पंखांच्या जागी नुसते खुंट. पोटातून जिवंत पिलं. आवाज नाही, वास जवळपास नाही. झुरळपणाची एकेक खोड नापास करत गेलं की शेवटी डुबिया उरतं. बाजीच्या गॅरेजात तेच आहे.

डबा मी रोज उघडून बघते, मुलीला ते आवडत नाही. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. आडवे लावले तर विष्ठा त्यांच्यावरच साचते, उभे लावले की खाली गळते. एका बाजूला गरम होणारी चटई. तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, त्याखाली वीण मंदावते आणि वीस-बावीसला जवळजवळ थांबते. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरतो. जास्तीचे नर आधी बाजीला, असा घरचा नियम आहे. पाणी वाटीत ठेवायचं नाही, पिलं बुडतात. संत्र्याची फोड किंवा गाजर ठेवायचं. मी पपईची सालं आणि लाल भोपळा टाकते. एकदा बॅटरीच्या उजेडात मला ते दिसलं, जे मी शिकवलं होतं पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एका मादीच्या शेपटाकडून फिकट पिवळी, लांबट कुपी हळूहळू बाहेर येत होती. कुपी बाहेर आली, कलली, मग आत गेली. त्या कुपीतून दोनेक महिन्यांनी वीस-तीस पिलं निघतात, आधी पांढरीफटक, काही तासांत काळपट.

खाऊ घालण्याचे नियम वेगळे. सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठं झुरळ द्यायचं नाही, नाहीतर अडकतं. किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. नुसत्या किड्यांवर वाढलेल्या सरड्याची हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो. म्हणून नातू डब्यात चमचाभर कॅल्शियमची पूड टाकतो, झुरळं टाकतो आणि झाकण लावून हलवतो. बाहेर येतात ती रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखी. माझं निम्मं आयुष्य कोकणी नवऱ्याला बोंबील तळून घालण्यात गेलंय, मला हे दृश्य बघवत नाही.

झुरळांना काय घालायचं यावर पाळणाऱ्यांत दोन तट आहेत. पहिल्या काळात सर्रास कुत्र्या-मांजराचं कोरडं खाद्य घालत, प्रथिनं भरपूर म्हणजे वाढ भरपूर या हिशोबाने. आता जाणते लोक हात आखडतात. याचं कारण त्या ट्रेच्या कडेला टाकलेल्या पांढऱ्या चरबीत आहे. आपण जास्तीचं नायट्रोजन लघवीतून टाकून देतो. झुरळ ते यूरिक अ‍ॅसिडच्या रूपात चरबीत साठवून ठेवतं. त्याच चरबीच्या पेशींत एक जिवाणू राहतो, ब्लॅटाबॅक्टेरियम. फ्रिडरिश ब्लॉखमान यांनी तो १८८७ च्या सुमाराला पाहिला. तो काय करतो हे २००९ मध्ये त्याचा जीनोम वाचल्यावर नीट उलगडलं: झुरळाच्या टाकाऊ नायट्रोजनापासून तो अमिनो आम्लं बनवून त्यालाच परत देतो. म्हणून झुरळ पुठ्ठ्यावर आणि डिंकावरही तग धरतं. पण प्रथिनांचा मारा केला की साठा वाढत जातो आणि तो साठा सरड्याच्या पोटात जातो. सरडेही यूरिक अ‍ॅसिडच टाकतात, त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण नको, गाऊट नको, असा हा विचार. मला तो पटतो. बाजीच्या झुरळांना आता गव्हाचा कोंडा, ओट्स आणि भाजीची देठं मिळतात.

रेड रनर घ्यावं का, हा प्रश्न नातवाने काढलाच. ते मऊ असतं, चपळ असल्यामुळे आळशी सरडाही त्याच्या मागे धावतो, आणि काचेवर चढत नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या. पण ते कुपी बाहेर टाकणाऱ्यांतलं. रिव्हरसाइड इथल्या विद्यापीठाच्या टीना किम आणि मायकेल रस्ट यांनी २०१३ मध्ये त्याची जुन्या ओरिएंटल झुरळाशी तुलना छापली. तुर्कस्तानी पिलू साडेसात महिन्यांच्या आसपास प्रौढ होतं, ओरिएंटलला दहा महिन्यांच्या आसपास लागतात. अंडीही तुर्कस्तानी जास्त घालतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडे पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यांतून, कुंपणाच्या भेगांतून त्याने ओरिएंटल झुरळाला हुसकावलंय. ऑनलाइन विक्रीने त्याचा प्रसार वाढतो, हेही त्यांनी नमूद केलंय. ट्रेसीचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी. तुर्कस्तानातून आलेल्याला याहून माहेर कुठलं? डुबिया सुटलं तर या कोरड्या घरात ते वीण घालणार नाही.

मी नातवाला नाही म्हणून सांगितलं. शिवाय पैसे देऊन मागवण्याची गरजही नाही. जून महिन्यात रात्री बागेतल्या मीटरचं झाकण उचललं की ती तिथे आहेतच, आणि शेजारी फवारणी करतात, त्यामुळे बाजीला ती घालायची नाहीत, हेही सांगून ठेवलंय.